ओव्हन तर घेतला, आता पुढे काय? घरच्या बेकिंगबद्दल सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी काही शेफ वगैरे नाही. डोंबिवलीत राहतो, नोकरी करतो आणि रविवारी सकाळी काहीतरी भाजत बसतो, गेली नऊ-दहा वर्षं. सोसायटीतले, ऑफिसमधले आणि नात्यातले लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढतोय. ज्यांना हॉटेलसारखा तीन मजली केक करायचाय त्यांच्या उपयोगाचं इथे फारसं काही नाही. रवा केक, नानकटाई, पाव, बिस्किटं, एवढाच माझा संसार.

सुरुवात कशाने करू?

नानकटाईने. केकने नको. केकमध्ये फुगणं, शिजणं, मऊ राहणं हे सगळं एकदम जमावं लागतं, आणि पहिलाच केक बसला की माणूस ओव्हनवर कापड टाकून मोकळा होतो, मग त्या ओव्हनमध्ये कढया ठेवल्या जातात. हे मी दोन घरांत डोळ्यांनी पाहिलंय. नानकटाई थोडी चुकली तरी चहात बुडवून संपते, आणि तिच्यातून आपला ओव्हन कसा वागतो ते कळतं, कारण एका ट्रेमध्ये बारा नानकटाया बारा ठिकाणी बसलेल्या असतात. मागच्या डाव्या कोपऱ्यातली काळी आणि पुढची पांढरीफटक, म्हणजे तुमचा ओव्हन मागे जास्त तापतो, विषय संपला. पुढच्या वेळी अर्ध्यात ट्रे फिरवायचा.

आणि एक सांगतो, पहिल्या महिन्यात दहा पदार्थ करू नका, एकच पदार्थ चार रविवार करा. घरचे कंटाळतील, कंटाळू देत.

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) घेऊ, कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घेऊ की कढईतच करू?

साधा मायक्रोवेव्ह (म्हणजे ज्याच्यात फक्त गरम होतं तो) बेकिंगसाठी नाही. त्यात केक शिजतो पण लालसर होत नाही आणि गार झाला की रबर. कन्व्हेक्शनवाला असेल तर चालतो, पंख्यामुळे गरम हवा फिरते म्हणून रेसिपीपेक्षा १५-२० डिग्री कमी ठेवा. नवीनच घ्यायचं असेल आणि फक्त भाजायचंच असेल तर ओटीजी, २५ ते ३० लिटरचा. त्याहून लहान घेतला तर पदार्थ वरच्या कॉइलच्या इतका जवळ येतो की वरून करपतो आणि आतून कच्चा राहतो, माझा पहिला तसाच होता.

घेण्याआधी स्वयंपाकघरातलं सॉकेट बघा. दीड हजार वॅटच्या आसपासचा ओटीजी असेल तर १६ अँपिअरचं मोठं सॉकेट लागतं, मिक्सरच्या छोट्या सॉकेटला लावून एक्स्टेन्शन बोर्ड वितळवू नका.

वीजबिल किती येतं?

घाबरतात तेवढं नाही. १५०० वॅटचा ओव्हन सलग एक तास चालला तर दीड युनिट, आणि तो सलग चालतच नाही, तापला की बंद होतो, परत गार व्हायला लागला की चालू होतो. म्हणजे एक केक एका युनिटच्या आत-बाहेर. लोणी महाग पडतं, वीज नाही.

कढईत किंवा कुकरमध्ये खरंच होतं का?

होतं की. आपल्याकडे कोकणात धोंडस कसं करतात? तवशाचा (मोठ्या काकडीचा) कीस, रवा, गूळ, नारळ, जाड बुडाच्या भांड्यात घालायचं, चुलीवर मंद आच ठेवायची आणि वरच्या झाकणावर निखारे. म्हणजे खालून आच, वरून आच. ओव्हनमध्ये दुसरं काय असतं? कोणी तवसळी म्हणतं कोणी धोंडस म्हणतं, पण बेकिंग ही काहीतरी साहेबांची गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे सांगतो.

गॅसवर करताना फरक एवढाच की वरून आच नाही, त्यामुळे केकचा माथा पांढराच राहणार, तो कच्चा नसतो, फक्त गोरा असतो. जाड बुडाची जुनी कढई घ्या, तळाला दीड-दोन वाट्या जाडं मीठ पसरा, त्यावर स्टँड किंवा उलटी वाटी, घट्ट झाकण, १० मिनिटं मध्यम आचेवर तापवा, मग भांडं आत ठेवून आच मंद. रवा केकला ४५-५० मिनिटं धरा. मीठ फेकू नका, बरणीत भरून ठेवा, तेच परत परत वापरता येतं (खायला मात्र नाही).

कुकरमध्ये करणारे शिट्टी आणि रबर दोन्ही काढून करतात. तरी मी सुचवत नाही, कोरडा कुकर तासभर तापवत ठेवणं त्या भांड्याला चांगलं नाही आणि रोज वरणभात त्याच्यातच करायचा असतो. जुनी कढई मिळत असताना कुकरच्या जिवावर का उठायचं.

वाटीचं माप आणि वजनकाटा, फरक पडतो का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि हाच लोक सगळ्यात शेवटी विचारतात.

आपल्या प्रत्येक घरात वाटी वेगळी. माझ्या आईची आमटीची वाटी १५० मिलिची, बायकोच्या माहेरून आलेली १८०ची, आणि रेसिपीतला कप असतो २४० मिलिचा. आता एकाच वाटीने सगळं मोजलं तर प्रमाण बरोबर राहतं हे खरं, पण सोडा तुम्ही चमच्याने घालता ना, तो चमचा वाटीबरोबर लहान होत नाही. म्हणून दीडशेच्या वाटीने केलेल्या केकला सोडा जास्त होतो आणि साबणासारखी चव येते, आणि मग म्हणायचं की रेसिपी फालतू होती.

त्यातून मैदा. मी एकदा गंमत म्हणून एकच कप तीन वेळा भरून काट्यावर ठेवला. चमच्याने हलकेच भरून वरून सुरीने सपाट केला तर १२५ ग्रॅम. डब्यात कप खुपसून काढला तर दीडशेच्या जवळ. आणि आपण तांदूळ भरतो तसा कप आपटून भरला तर त्याहूनही वर. आता सांगा, यातला कुठला "एक कप मैदा"?

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा घ्या, बीटर घ्यायच्या आधी हा घ्या. तो नाहीच म्हणत असाल तर हे लक्षात ठेवा: २४० मिलिच्या कपात मैदा साधारण १२५ ग्रॅम, साखर २००, पिठीसाखर १२०, बारीक रवा १७० च्या आसपास. टीस्पून म्हणजे ५ मिलि, टेबलस्पून म्हणजे १५. आपला चहाचा चमचा आणि पोह्याचा चमचा त्यांच्या जवळपास जातात, पण जवळपासच.

नानकटाई पसरून चपाती होते, का?

तूप पातळ होतं. बस. मे महिन्यात मुंबईकडे तूप बरणीत आपोआप वितळलेलं असतं, ते तसंच घेतलं तर नानकटाई ट्रेवर गप्पकन बसणारच. तूप थिजलेलं, रवाळ पाहिजे. नसेल तर फ्रीजमध्ये अर्धा तास ठेवा, दगड होऊ देऊ नका, बोटाने दाबलं की खड्डा पडेल इतपत.

माझं प्रमाण: थिजलेलं तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ८०, मैदा १२०, बेसन ३०, बारीक रवा २०, सोडा पाव टीस्पून, वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. बेसन वगळू नका, त्याचा भाजका वास हीच नानकटाई.

तूपसाखर फेसणं हे खरं काम. आमची आत्या हे परातीत तळहाताने करायची, गोल गोल, एकाच दिशेने, आणि मधेच थांबून आम्हाला दाखवायची की बघा आता पिवळं गेलं, आता पांढरं आलं, आता हाताला जड लागत नाही. मग पाण्याच्या वाटीत एक थेंब टाकायची. तरंगला तर झालं. मला कितीतरी वर्षं वाटायचं की यात काय विशेष, तूप तर पाण्यावर तरंगतंच, पण नाही, नुसतं तूप तरंगतं, साखर मिसळली की ते पाण्यापेक्षा जड होतं आणि बुडतं, फेसून फेसून आत पुरेशी हवा शिरली की मगच परत वर येतं. म्हणजे आत्या पाण्यात टाकून हवा मोजत होती. बीटरने हे ४-५ मिनिटांत होतं, हाताने पंधरा-वीस.

मग पीठ घालून नुसतं गोळा करायचं, मळायचं नाही. लिंबाएवढे गोळे, थोडे दाबून, मध्ये अंतर सोडून, १६० डिग्रीला १८ ते २० मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊच लागतात, तेव्हा कच्च्या म्हणून परत आत ढकलू नका, सगळे इथेच फसतात. गार होताना त्या कडक होतात. ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या, उचलल्या तर तुटतात.

पूर्वी बेकरीत नेऊन भाजून आणायचे म्हणे, ते काय होतं?

अहो ती मजाच वेगळी होती. आमच्या सांगलीकडे, आणि पुण्या-कोल्हापूरकडेही, दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत लोक तूप (किंवा डालडा), साखर, मैदा, रवा असं सगळं घरून घेऊन बेकरीत जायचे, बेकरीवाला मजुरी घेऊन बिस्किटं, नानकटाई भाजून द्यायचा. मी आत्याबरोबर जायचो. हातात पत्र्याचा मोठा डबा, तेलाचा धुऊन पुसून घेतलेला, आणि आमचा नंबर यायला दुपार व्हायची. आत भट्टी, लांब दांड्याच्या फळीने काळे ट्रे आत-बाहेर, आणि सगळ्या बायकांचं लक्ष एकाच गोष्टीवर, की आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय ना. आत्या तर तिथून हलायची नाही, पाणी प्यायलासुद्धा नाही. घरी येताना गरम डबा रिक्षात मांडीवर घ्यावा लागायचा आणि मांडी भाजायची.

नानकटाईचं मूळ सुरतचं सांगतात, डच लोकांच्या बेकरीशी जोडलेली एक गोष्ट आहे, पारशी बेकरीवाल्यांनी ती पुढे नेली अशी. आणि पुण्यात कॅम्पातल्या कयानी बेकरीच्या श्रूजबेरी बिस्किटांचं नाव तर इंग्लंडमधल्या एका गावाचं. कुठून कुठे काय येतं बघा. श्रूजबेरी घरी करायची असेल तर वरच्याच पद्धतीने, फक्त तुपाऐवजी लोणी, बेसन-रवा काढून सगळा मैदा, आणि थोडं व्हॅनिला. तिकडच्यासारखी होणार नाही, पण वाईटही होत नाही.

सोडा आणि बेकिंग पावडर एकच का? इनो चालेल का?

एक नाही. खायचा सोडा एकटा फारसं काही करत नाही, केक फुगवायला त्याला आंबट काहीतरी लागतं, दही, ताक, लिंबू, गूळ. दोन्ही भेटले की गॅस होतो आणि तो लगेच होतो, म्हणून दही-सोड्याचं पीठ भिजवून फोनवर बोलत बसलात तर गॅस तुमच्या फोनबरोबर निघून गेला. बेकिंग पावडरमध्ये सोडा, आंबट क्षार आणि कोरडं ठेवायला स्टार्च असं सगळं आधीच असतं. ती ओली झाल्यावर थोडी आणि तापल्यावर उरलेली फुगते, म्हणून जरा वेळ देते.

प्रमाण ढोबळ असं: १२५ ग्रॅम मैद्याला बेकिंग पावडर एक टीस्पून, किंवा आंबट असेल तर सोडा पाव टीस्पून. सोडा बेकिंग पावडरच्या तिप्पट-चौपट जोरदार असतो, त्यामुळे "पावडर नव्हती म्हणून तेवढाच सोडा घातला" हे वाक्य माझ्यासमोर म्हणू नका.

इनो चालतो, त्यातही सोडा आणि सायट्रिक ॲसिडच आहे, पण तो घातल्या घातल्या उसळतो, ढोकळ्याला ठीक. केकला शेवटच्या क्षणी घालून तडक आत ठेवायचा.

जुनी पावडर तपासायची असेल तर चमचाभर गरम पाण्यात टाका, भरभरून फेस आला तर जिवंत. सोडा असेल तर लिंबू पिळून बघा. आमच्याकडे एकदा दोन वर्षांची पावडर निघाली, पाण्यात टाकली तर पिठासारखी खाली जाऊन बसली, आणि मी त्याआधीचे तीन केक बसल्याचं खापर ओव्हनवर फोडलं होतं.

अंड्याशिवाय रवा केक सांगा, न बसणारा.

बारीक रवा २०० ग्रॅम, साखर १५०, दही २०० (फार आंबट नको), तेल किंवा पातळ तूप ८० मिलि, सगळं एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. हा अर्धा तास वाचवायचा नाही. रवा दही पिऊन फुगतो आणि मिश्रण घट्ट होतं, मग दूध घालत घालत इडलीच्या पिठापेक्षा किंचित सैल करा, ८० ते १०० मिलि लागतं. भिजवलं नाही तर केकमध्ये रवा दाताखाली करकरतो.

मग भांड्याला तूप लावून, ओव्हन १८० ला तापल्यावर, तापल्यावर म्हणतोय, आधी नाही, शेवटी बेकिंग पावडर एक टीस्पून, सोडा पाव टीस्पून, वेलची, केशर असेल तर दुधात, हलक्या हाताने ढवळायचं आणि सरळ आत. ३५ ते ४० मिनिटं. सुरी मधोमध खुपसून कोरडी आली की झाला. नारळ घातला तर गोव्याच्या बाथ केकच्या वाटेने जातो, तोसुद्धा रवा आणि नारळाचाच, त्यात अंडी असतात एवढंच.

दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. उरला तर.

केक मध्येच का खचतो?

कारणं पाच-सहा आहेत पण घरोघरी एकच असतं, ओव्हन उघडून बघणे. पहिली २५ मिनिटं दार उघडायचं नाही. आतल्या बुडबुड्यांभोवतीची भिंत अजून शिजलेली नसते, थंड हवा लागली की ती बसते. दिवा लावून काचेतून बघा. माझा मुलगा लहान असताना दर पाच मिनिटांनी "झाला का" म्हणत दाराच्या मुठीला हात घालायचा, शेवटी त्याला काचेसमोर पाट टाकून बसवला.

नाहीतर सोडा जास्त झाला, भराभर फुगतो आणि स्वतःच्या उंचीने कोसळतो. किंवा मध्ये कच्चाच होता.

उलट, माथ्याला डोंगर येऊन भेग पडली तर आच जास्त आहे, वरची साल आधी कडक झाली आणि आतलं नंतर फुगून बाहेर फुटलं. २० डिग्री कमी करा, रॅक एक पायरी खाली.

खाली गिच्च गोळा राहिला तर मैदा घातल्यावर फार फेटलंय. मैद्यात ग्लुटेन असतं, ओलं करून घोटलं की ते ताणलं जातं, पावात हवंहवंसं, केकमध्ये वातड. मैदा दिसेनासा झाला की हात थांबवा, दोन-चार गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

रेसिपीत ३० मिनिटं लिहिलंय, माझा ५० ला पण झाला नाही. कोण खोटं बोलतंय?

बहुतेक तुमच्या ओव्हनचं बटण. त्या गोल बटणावर १८० वर काटा ठेवला म्हणजे आत १८० असतं असं काही नाही, २०-३० डिग्रीचा फरक सर्रास असतो. आत टांगायचा थर्मामीटर मिळतो, स्वस्त आहे, घ्या. तो यायच्या आधी साखरेने बघा: साखर साधारण १८६ डिग्रीला वितळते. ॲल्युमिनियम फॉइलवर चमचाभर साखर, बटण १७५ वर, पंधरा मिनिटं. वितळली तर ओव्हन जास्त तापतोय. मग १९० वर ठेवा, तरी कोरडीच राहिली तर कमी तापतोय.

दुसरं म्हणजे भांडं. ६ इंची भांड्यातला केक ८ इंचीत ओतला तर क्षेत्रफळ पावणेदोन पटीच्या वर जातं, मग पातळ होतो आणि लवकर वाळतो. उलट केलं तर उंच होतो आणि मध्ये शिजत नाही, भांड्याबाहेर ओतू जातो ते वेगळंच. रेसिपीत भांड्याचं माप नसेल तर तिच्यातल्या वेळेवर विश्वास ठेवू नका.

कणकेचा केक चांगला होतो का? खरं सांगा.

होतो, पण मैद्यासारखा होत नाही आणि तसा होईल म्हणून करू नका. चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, त्यामुळे दूध १०-१५ टक्के वाढवा आणि पीठ भिजवून १०-१५ मिनिटं थांबा. गूळ घाला, कणकेला गूळ शोभतो. केळं, सुंठ, खजूर, असं काहीतरी दणदणीत वासाचं पाहिजे. व्हॅनिलाचा कणकेचा केक म्हणजे गोड पोळी लागते, माझं मत.

नाचणी, ज्वारीत ग्लुटेन नाही, एकट्याने केक धरत नाहीत. एक तृतीयांश नाचणी आणि बाकी कणीक, इतपत ठीक. नाचणीची बिस्किटं मात्र झकास होतात, तुपातली.

मीठाचं लोणी (बटर) चालतं का? आणि घरचं?

चालतं, वरून मीठ घालू नका एवढंच. अमूलचं पिवळं खारट असतं, नानकटाईला नको, केकला मी बिनधास्त वापरतो. घरच्या लोण्यात ताक-पाणी राहिलेलं असतं, बिस्किटं त्याने कुरकुरीत होत नाहीत, त्याचं कढवून तूपच करा. लोणी फ्रीजमधून आधी काढून ठेवायचं असतं हे कायम विसरायला होतं, तेव्हा किसणीवर किसून टाका, दहा मिनिटांत मऊ.

पाव घरी का करायचा? कोपऱ्यावर मिळतो की.

मिळतो आणि छान मिळतो. तरी एकदा करा.

मैदा ३००, इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम, साखर १५, मीठ ५, कोमट दूध-पाणी मिळून १९०-२०० मिलि, शेवटी लोणी २५. कोमट म्हणजे करंगळी बुडवली तर सुखद वाटेल असं, ३५-४० डिग्री. यीस्ट जिवंत असतं, चहासारखं पाणी ओतलं तर मरतं आणि मग तीन तास टोप झाकून बसा, काही होत नाही. मी हे केलंय, पाहुणे मिसळ खायला बसलेले असताना, शेवटी कोपऱ्यावर पळालो.

१०-१२ मिनिटं मळा. सुरुवातीला पीठ हाताला असं चिकटतं की वाटतं प्रमाण चुकलं, मैदा वाढवावा. वाढवू नका! सातव्या-आठव्या मिनिटाला ते एकदम हात सोडतं, कुठून तरी शहाणपण आल्यासारखं. लहान गोळा घेऊन दोन्ही हातांनी हळूहळू ताणला तर न फाटता पातळ पडदा झाला पाहिजे, पलीकडचा उजेड दिसेल इतका.

दुप्पट होईपर्यंत झाका. इथे घड्याळ उपयोगाचं नाही, मेमध्ये आमच्याकडे ४० मिनिटांत होतं आणि जानेवारीत नाशिकला मेव्हण्याकडे केलं तर दोन तास लागले. मग गोळे करून ट्रेमध्ये एकमेकांच्या जवळ जवळ ठेवा, फुगून चिकटतात, म्हणूनच लादीपावाच्या बाजू पांढऱ्या मऊ राहतात. परत अर्धा-पाऊण तास. वरून दुधाचा हात, २०० डिग्रीला १५ ते १८ मिनिटं, बाहेर काढल्या काढल्या लोणी फिरवा आणि ओलसर पंचा झाका.

पाव हा शब्दच पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आला आणि गोव्यातला पोदेर (पाववाला) अजूनही सायकलवर भोंपू वाजवत दारात येतो. तिथे पूर्वी यीस्ट नव्हतं तर माडाच्या सुरेने (म्हणजे माडीने) पीठ फुगवायचे. सूर आणून घरी प्रयोग करायची माझी फार इच्छा आहे पण डोंबिवलीत माड बिल्डरांनी ठेवलेले नाहीत.

बटर पेपर चिकटला आणि केकबरोबर खाल्ला गेला.

मिठाई गुंडाळायचा साधा बटर पेपर तो, ओव्हनचा नाही. बेकिंग पेपर किंवा पार्चमेंट म्हणून मागा. नाहीतर तूप लावून वर मैदा भुरभुरवा आणि भांडं आपटून जास्तीचा झटका, सगळ्यात जुनी पद्धत, अजून चालते.

पावसाळ्यात बिस्किटं सादळतात.

सादळणारच, कोकणपट्टीत तर पापडसुद्धा उभा राहत नाही. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, कोमट भरली तर आतल्याच वाफेने मऊ होतात. घट्ट झाकणाचा डबा, रोज लागतील तेवढी वेगळ्या छोट्या डब्यात, म्हणजे मोठा डबा सारखा उघडला जात नाही. तरी सादळली तर १५० ला पाच-सात मिनिटं परत भाजा, गार झाली की कुरकुरीत. मैदा-रवा पावसाळ्यात फ्रीजमध्ये, नाहीतर पोरकिडे.

एवढं छान करता, विकत का नाही?

हा प्रश्न म्हणजे कौतुक असतं, कळतं मला, पण उत्तर नाही. विकायचं तर घरातून असलं तरी एफएसएसएआयचं (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचं) रजिस्ट्रेशन लागतं, डब्यावर काय काय लिहावं लागतं, आणि तुपाचा भाव धरला तर नानकटाईचा दर ऐकून शेजारीण "अगंबाई" म्हणणार. ज्यांना करायचंय त्यांनी जरूर करावं, माझी बहीण करते, पण मग दिवाळीत रात्री दोनपर्यंत ती एकटी ट्रे काढत असते आणि फराळ बाहेरून आणते. मला रविवारचा रविवारच ठेवायचाय.

फसलेल्या केकचं काय करू?

कच्चा असेल तर टाका. नुसता बसलेला, गिच्च, कोरडा, वाकडा असेल तर बोटभर जाडीचे काप करा, ट्रेवर पसरून १३०-१४० ला वीस-पंचवीस मिनिटं, मधे एकदा उलटे करा, ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. बेकरीत केक टोस्ट मिळतात ते हेच. आमच्याकडे आता अशी पाळी आली आहे की केक नीट झाला तर मुलगा विचारतो, म्हणजे आज टोस्ट नाहीत?